नमुन्याच्या पाठीवर लिहा

श्रोतेहो, नमस्कार.

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून आपल्या इंदुरात आणि आसपासच्या माळव्यात संजा, म्हणजे मुलींनी भिंतीवर काढायच्या शेणाच्या आकृती, मांडायला सुरुवात होईल. मग नवरात्र, मग दिवाळी. ज्यांना हातानं शुभेच्छापत्रं करायची हौस आहे, त्यांच्या घरी आता कपाटावरची खोकी खाली उतरतील. कार्ड कसं करावं हा आजचा विषय नाही. केलेल्या कार्डांचे नमुने आणि सुचलेल्या कल्पना कशा ठेवाव्यात, म्हणजे ऐन वेळी त्या हाताशी येतील, याविषयी मला बोलायचं आहे.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. भरतकाम घरात राहतं. विणलेला स्वेटर चार हिवाळे डोळ्यांसमोर असतो. शुभेच्छापत्र मात्र केलं जातं तेच घराबाहेर जाण्यासाठी. तुम्ही गेल्या दिवाळीला उघडताच उभा राहणारा आकाशकंदील केलात, तो पुण्याला मावशीकडे गेला. मावशीला आनंद झाला, पण कंदिलाचं माप मावशीबरोबरच गेलं. यंदा त्याच कंदिलाला हलणाऱ्या झिरमिळ्या लावाव्यात असं मनात येतं आणि आधी कंदील पुन्हा शोधून काढावा लागतो. हौशी माणसाचं काम वर्षानुवर्षं त्याच पायरीवर राहतं ते यामुळे. हात कमी पडत नाही, मागे काही उरत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की कार्ड पाठवायच्या आधी त्याचा एक साधा, पांढऱ्या कागदाचा जुळा भाऊ घरात ठेवा. रंग नको, टिकल्या नकोत, मजकूर नको. नुसते छेद आणि घड्या. सजावट डोळ्याला भुलवते आणि रचना झाकते, त्यामुळे नमुना जितका कोरा तितका तो अधिक शिकवतो.

आता या नमुन्याच्या पाठीवर काय लिहायचं? इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१८६६ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्ज वॉटसन या अधिकाऱ्यानं भारतातल्या कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून घेतले. असे २० संच तयार झाले. हेतू स्वच्छ व्यापारी होता. इंग्लंडच्या गिरणीवाल्यांनी ते पाहून तसं कापड काढावं आणि इथे आणून विकावं. आपल्या विणकरांचं त्यात काय झालं हे आठवलं की मन खिन्न होतं. पण त्या माणसाला एक गोष्ट पक्की कळली होती. नुसता कापडाचा तुकडा कामाचा नाही. म्हणून तुकड्याबरोबर त्यानं मूळ वस्त्राची लांबी, रुंदी, वजन आणि ते कुठलं आहे हे नोंदवलं. मांडणीही कापड कशासाठी वापरतात यावरून केली, फेट्याचं वेगळं, लुगड्याचं वेगळं. नोंद नसती तर त्या ७०० चिंध्या झाल्या असत्या. आपल्या घरातल्या नमुन्यांचंही तसंच आहे.

तर पाठीवर पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो. आधी कागद लिहा. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो, कार्डाला २०० ते ३०० चालतो, आणि एकच छेद या दोन कागदांवर अगदी वेगळा वागतो. मग तंतूंची दिशा. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. ज्या दिशेनं तो सहज वळतो, त्या दिशेची घडी स्वच्छ येते. उलट दिशेची घडी जाड कागदावर फुटते, तिची धार पांढरी आणि खरबरीत दिसते. नमुन्यावर बाणाची एक रेघ काढून ठेवली की पुढच्या वेळी महागडा कागद वाया जाणार नाही. घडीची रेघ कशानं दाबली तेही लिहा, संपलेल्या रिफिलनं की विणकामाच्या सुईनं.

आणि मापं. ए-४ कागद मधून कापून अर्ध्याची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. ते ११४ बाय १६२ च्या पाकिटात नीट बसतं. आता या कार्डाच्या घडीवर दोन समांतर छेद देऊन मधला भाग आत ढकलला की उघडल्यावर एक चौकोनी डबा उभा राहतो. छेद किती लांब घ्यावा? कार्ड मिटलं की हा डबा घडीपासून छेदाच्या दुप्पट अंतरापर्यंत पोचतो. म्हणजे १०५ मिलिमीटरच्या पानात छेद ५० पर्यंत ठेवायचा. ६० घेतला तर १२० होतात आणि कार्ड मिटल्यावर १५ मिलिमीटर टोक बाहेर डोकावतं. ही एक ओळ पाठीवर लिहिली असेल तर कोणत्याही मापाचं कार्ड तुम्ही न बिघडवता काढाल. म्हणून मी नोंदीवर इतकं बोलते आहे. माप एका कार्डापुरतं असतं, त्यामागचा हिशेब सगळ्या कार्डांना पुरतो.

मांडणीकडे वळू. बहुतेक घरांत नमुने सणावारानं ठेवलेले असतात. दिवाळीचं पाकीट, राखीचं पाकीट, वाढदिवसाचं पाकीट. मला ही पद्धत पटत नाही. आत्ताचा तो चौकोनी डबा घ्या. त्याच्यावर पणती चिकटवली की दिवाळी. त्याच्यावर दुसरा डबा, त्यावर तिसरा असे लहान होत जाणारे मजले चढवले की आपला सात मजल्यांचा राजवाडा. तोच वाढदिवसाचा केक होतो आणि तोच गणपतीचं मखर. सणाप्रमाणे ठेवलात तर तो दिवाळीच्या पाकिटात पडून राहील आणि वैशाखात भाच्याच्या मुंजीचं कार्ड करताना ते पाकीट उघडायचं तुम्हाला सुचणारही नाही.

म्हणून घडणीनं लावा. साध्या आणि पंख्यासारख्या घड्या एकीकडे. उघडताच उभं राहणारं सगळं दुसरीकडे. ओढलं की सरकणारं तिसरीकडे. खिसा असलेली, ज्यात पैसे किंवा चिठ्ठी घालता येते, ती चौथीकडे. आणि ठसे, टाके, चिकटकाम असं वरचं काम वेगळं. प्रत्येक गटाला एक अक्षर द्या आणि नमुन्याला आकडा. उभ्या घडणीतला तिसरा म्हणजे उ-३, खिशातला पहिला ख-१. अक्षर कुठलंही चालेल, पण एकदा दिलेला आकडा बदलू नका. नमुना फाटला, हरवला, तरी त्याचा आकडा दुसऱ्याला देऊ नका. का, ते लगेच सांगते.

नमुना आणि कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुना कापून, दुमडून पाहिलेला असतो. कल्पना अजून हवेत असते. दोन्ही एकाच फाइलीत कोंबल्या की न तपासलेली कल्पना तपासलेल्या नमुन्याच्या रुबाबात मिरवते आणि आयत्या वेळी दगा देते. कल्पनांसाठी एक शिवलेलं रजिस्टर घ्या. सुटे कागद नकोत. त्यात फक्त तारखेनं लिहित जा, कसलेही गट पाडू नका. सुचलेलं त्या घटकेला कुठल्या गटात बसतं याचा विचार करत बसलं की ते निसटतं. तारीख, कुठे पाहिलं, त्यात नेमकं काय आवडलं आणि कोणत्या नमुन्यावर बसेल. उदाहरणार्थ, ‘समाधीवरच्या छत्रीच्या कमानीची वळणदार कड, उ-३ च्या पुढच्या बाजूला.’ आकडे का बदलायचे नाहीत ते आता कळलं असेल. रजिस्टरातली प्रत्येक ओळ त्यांच्यावर उभी आहे. शेवटची पानं सूचीसाठी कोरी ठेवा, तिथे मात्र सण, रंग, फुलं, जे हवं त्या नावाखाली पानाचे आकडे लिहा. सणांना जागा द्यायची ती इथे.

‘काय आवडलं’ ही नोंद फार लोक गाळतात. मासिकातलं कात्रण चिकटवतात आणि पुढे सरकतात. महिन्यानं ते कात्रण आपल्याशी बोलत नाही. रंग आवडला होता की अक्षर की मोकळी सोडलेली जागा? आणि ते कुठून घेतलं हेही लिहाच. दुसऱ्याची कल्पना कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते हे आपल्याला स्वतःला ठाऊक असायला हवं. ज्यांना कार्डं विकायची आहेत त्यांनी तर हे डोळ्यांत तेल घालून सांभाळावं.

आता संजा. सोळा दिवस मुली भिंतीवर शेणानं आकृती काढतात, पाकळ्या आणि चमकी लावतात, दुसऱ्या दिवशी नवी आकृती. पौर्णिमेला पाटला, द्वितीयेला बिजौरा, चतुर्थीला चौपड म्हणजे चार बाजूंचा सोंगट्यांचा पट, पंचमीला पाच कुमार, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला म्हातारा-म्हातारी, आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारा किल्लाकोट. घराघरांत, गावागावांत थोडा फरक असतो. पण यातली व्यवस्था पाहा. चौथीला चौपड, पंचमीला पाच, अष्टमीला आठ. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी हा सारा साठा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, कारण आठवणीचा धागा त्यांनी आकृतीतच विणून ठेवला. आपण ज्या खुणेनं शोधणार, तीच खूण मांडणीत असावी, हे मी संजाकडून घेतलं. हल्ली बाजारात छापील कागदी संजा मिळते, ती लावायलाही हरकत नाही. पण यंदा शक्य असेल तर शेजारच्या मुली जे काढतील ते रोज रजिस्टरात उतरवून घ्या, तिथीसह. आठ पाकळ्यांचं ते फूल कार्डावर कात्रीनं कापायला इतकं सुरेख आहे, आणि ते आपल्या मातीतलं आहे.

महेश्वरही फार लांब नाही. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले आणि साडीच्या काठांवर किल्ल्याच्या दगडांतली नक्षी उतरली. चटई, वीट, हिरा, नर्मदेची लहर. हे काठ उभ्या-आडव्या धाग्यांतून आलेले असल्यामुळे गणिताच्या चौकटीच्या कागदावर अगदी सहज काढता येतात. एकच आवर्तन काढा, किती चौकटींत बसलं ते लिहा, की कार्डाच्या कोणत्याही कडेला ते मोजून बसवता येतं. जुन्या माहेश्वरीचा काठ कापून ठेवणार असाल तर कडेला फेविकॉलची अगदी बारीक रेघ ओढा, नाहीतर जरीचे धागे उसवत जातात. कागदासाठी खजुरी बाजार आहेच, पण घरी आलेल्या लग्नपत्रिका आधी पाहा. त्यांचा कागद जाड आणि बऱ्याचदा एका बाजूनं कोरा असतो.

जपणुकीचं थोडक्यात सांगते. नमुने वर्तमानपत्रात गुंडाळू नका. तो कागद लवकर पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही डाग देतो. सेलोटेप नको, काही वर्षांत तिचा तपकिरी पट्टा उरतो. कुंकू, हळद आणि स्केचपेननं केलेलं काम बटरपेपरमध्ये वेगळं ठेवा, पावसाळी हवेत त्यांचा रंग शेजाऱ्याला लागतो. दाबून वाळवलेली फुलंही बटरपेपरमध्येच, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मुळीच नाही. पिठाच्या खळीनं चिकटवलेल्या कामाला कसर लागते, म्हणून त्याचं खोकं वेगळं करा आणि पावसाळ्यानंतर उघडून हवा द्या. उन्हात मात्र नको, गुलाबी आणि लाल आधी उडतात. फोनवर फोटो काढून ठेवायला हरकत नाही, फक्त फोटोत पट्टी आणि नमुन्याचा आकडा दिसू द्या.

कुणी नमुना मागितला तर मूळ देऊ नका, समोर बसवून त्यांच्याकडूनच नवा कापून घ्या. मुलांना तर जरूर बसवा. कार्ड मिटलं की डबा छेदाच्या दुप्पट अंतरापर्यंत पोचतो, हे त्यांना स्वतःच्या हातानं कळू द्या.

जाता जाता संक्रांतीचं. आपल्या मराठी घरांतून तिळगुळाची पुडी लावलेलं कार्ड अजून जातं, आणि पुडीमुळे ते फुगतं, पाकिटात अडकतं, घडी तिरकी होते. त्याला उपाय आहे. कार्ड जिथे मिटतं तिथे एका घडीऐवजी दोन समांतर रेघा दाबा आणि त्यांच्यातलं अंतर भरलेल्या पुडीच्या जाडीएवढं ठेवा. चार मिलिमीटरची पुडी, चार मिलिमीटरचं अंतर. मग पुस्तकासारखं कार्ड सपाट मिटतं. हलव्याचे दाणे लहान-मोठे असतात, तेव्हा पुडी भरून, पट्टीनं मोजून, दिवाळीच्या गडबडीआधीच एक कोरा नमुना कापा. घड्यांच्या गटातला म्हणून त्याला घ-१ म्हणा, जाडी पाठीवर लिहा, आणि पाकीट कोणत्या मापाचं लागलं तेही लिहा.

नमस्कार.