पानामागची जाळी

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळ्याच नादाबद्दल बोलायचंय, घरचे ह्याला येडेपणा म्हणतात, म्हणू देत. सांगलीत गणपती पेठेकडनं येताना मी रद्दीवाल्याकडनं जुनी मासिकं, दिवाळी अंक किलोवर आणतो, पण वाचायला नाही, मोजायला!

करायचं काय, तर पानावर बटर पेपर ठेवायचा आणि मजकुराच्या, फोटोंच्या कडांना पेन्सिलनं नुसत्या रेघा मारायच्या, मग तोच कागद दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. चार-पाच पानं झाली की रेघा परत परत त्याच जागी पडायला लागतात. हीच ती जाळी, ग्रिड म्हणतात तिला, छापलेली कुठंच नसते पण अख्खं पान तिच्यावर बसलेलं असतं. उभ्या पट्ट्या म्हणजे कॉलम, आणि दोन कॉलममधल्या मोकळ्या जागेला म्हणतात गटर. हो, गटरच. आपल्या गल्लीतलं पावसाळ्यात तुंबतं, आणि हे बारीक झालं की वाचणारा थेट शेजारच्या कॉलममध्ये घुसतो.

आता ऐका. स्वित्झर्लंडचे ग्राफिक डिझायनर कार्ल गेर्स्टनर, त्यांनी १९६२ मध्ये 'कापिटाल' नावाच्या जर्मन मासिकासाठी पानावरच्या मजकुराच्या रुंदीचे ५८ भाग पाडले. ५८च का? मी पण डोकं खाजवलं, मग वही घेऊन बसलो. प्रत्येक गटरला २ भाग सोडा, दोन कॉलम केले तर २८-२८ चे, तीन केले तर १८ चे, चार केले तर १३ चे, पाच १० चे, सहा ८ चे, कुठंच काही उरत नाही! ६० घेतले असते तर तीन कॉलम करतानाच गाडं अडलं असतं. मला तर हे बघून जेवण सुचेना.

आपल्याकडं किर्लोस्करवाडीतनं १९२० ला 'किर्लोस्कर खबर' निघालं, तो जमाना खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचा. खिळे जुळवणारा कंपोझर हातातल्या स्टिकवर, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीवर, कॉलमची रुंदी एकदा पक्की करायचा आणि ओळी भरत जायचा, म्हणजे जाळी कागदावर नव्हती, हातातल्या लोखंडातच होती.

मराठीची भानगड वेगळी. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आपली शिरोरेषेला लटकतात, वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. मजकूर मावेना म्हणून डीटीपीवाल्यानं, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावणाऱ्यानं, ते दाबलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला धडकलाच समजा. मी तर शिरोरेषाच मोजतो, शेजारशेजारच्या कॉलममध्ये त्या एका लायनीत आल्या की पान कसं गप्प बसल्यासारखं दिसतं.

परवा एका अंकाच्या रेघा काही केल्या जुळेनात, दोन तास गेले, ग्रिडला नावं ठेवून झाली. शेवटी पट्टी पानाच्या कडेला लावली तर कळलं, ग्रिड सरळच होती, कटिंगला गठ्ठा तिरका लागलेला.