ऑफिसहून आल्यावर पाऊण तासात : गूळ-कोकमाचं चिकन, ज्वारी आणि भाजलेल्या भाज्यांचा बाऊल

नमस्कार मंडळी!

आज बुधवार. आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. मंगळवारी आईचा गणपतीचा उपास. म्हणजे चिकनला उरले तीन वार. रविवारी हाताशी वेळ असतो, तेव्हा खोबरं-कांदा भाजून, वाटण करून रस्सा होतो. प्रश्न बुधवार-शुक्रवारचा आहे. मी सव्वासातला ठाणे स्टेशनला उतरते आणि माजिवडा, कापूरबावडी ओलांडून घोडबंदर रोडवरच्या घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. त्या वेळी वाटण घालायचं त्राण नसतं, आणि बाहेरून मागवलेलं रोज खायचं नसतं. त्यावर मला सापडलेलं उत्तर म्हणजे हा बाऊल. खाली शिजवलेली ज्वारी, बाजूला भाजलेल्या भाज्या, वर गुळाची चकाकी धरलेलं चिकन. तिघांचं माप सांगते.

(भिजवलेल्या ज्वारीचं पातेलं दाखवते)

सुरुवात सकाळीच होते, पण दोन मिनिटांची. एक वाटी अख्खी ज्वारी तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालायची आणि ऑफिसला निघायचं. मे महिन्यात मात्र पातेलं फ्रिजमध्ये ठेवा, कारण आपल्या उकाड्यात दिवसभर बाहेर राहिलं तर पाणी आंबतं.

ज्वारीच का? भाताचा दाणा मऊ असतो, गोड-आंबट पाक पडला की तो लगेच गिळगिळीत होतो. ज्वारीचा दाणा शिजल्यावरही दाताखाली फुटतो, पाक पिऊनही आपला आकार सोडत नाही. मी मंगळवेढ्याची मालदांडी वापरते, टपोरी आणि चवीला किंचित गोड. वरीसुद्धा छान लागेल, पंधरा मिनिटांत शिजतेही. पण आमच्याकडे वरी उपासाची. ती चिकनखाली वाढायला आईचा हात धजत नाही, आणि मलाही ते पटतं. सकाळी भिजवायचं राहून गेलं तर राळे घ्या. एकास दोन पाणी, झाकण ठेवून पंधरा मिनिटं.

आता संध्याकाळचे आठ. पर्स ठेवली, हात धुतले, की आधी ओटीजी २०० अंशांवर लावायचा, वरचा-खालचा दोन्ही रॉड. तो तापेपर्यंत ज्वारीचं भिजवणीचं पाणी ओतून द्यायचं, नवीन तीन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, आणि कुकर. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या, मग आच बारीक करून पंधरा मिनिटं. दाणे जुने असतील तर थोडं जास्त. शिजली की चाळणीत निथळून, गरम असतानाच अर्धं लिंबू आणि चमचाभर तेल चोळून ठेवायची. गार झालेली ज्वारी लिंबू तितकंसं शोषत नाही.

भाज्या. मी रविवारीच जांभळी नाक्यावरून आणते : लाल भोपळा पाव किलो, दोन गाजरं, फ्लॉवरचे तुरे, दोन कांदे, एक ढोबळी मिरची. भोपळ्याच्या इंचभर फोडी करा. गाजर टणक, म्हणून त्याच्या निम्म्या जाडीचं. आणि धुतलेली भाजी पंचावर पसरून कोरडी करायचीच. पावसाळ्यात तर हवाच इतकी दमट असते की ही पायरी सोडून चालत नाही. ओली भाजी ओव्हनमध्ये आधी स्वतःच्या पाण्यात उकडते, आणि पाणी उडून जाईपर्यंत तिच्या कडांना रंग येत नाही. ट्रेमध्ये गर्दी केली तरी तेच होतं, वाफेला निघायला जागा उरत नाही. म्हणून एकच थर, फोडीफोडींत बोटभर अंतर, लागले तर दोन ट्रे. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल चोळा, आणि मीठ अगदी ट्रे आत सरकवताना घाला, कारण मीठ लागलं की भाजी पाणी सोडायला लागते. पंचवीस मिनिटं. पंधराव्या मिनिटाला उलटायच्या, तेव्हाच ढोबळी मिरची टाकायची, ती आधी टाकली तर लगदा होतो. ओव्हन नसेल तर लोखंडी तव्यावर दोन-तीन वेळा थोड्या थोड्या करून भाजा. वेळ जास्त लागेल, पण करपट कडा उत्तम येतात.

(चिकनकडे वळते)

चिकनवाल्याकडे नुसतं ‘बोनलेस’ म्हटलं की तो बहुतेक वेळा छातीचं मांस देतो. ‘लेगचं बोनलेस करून द्या’ असं सांगा. अर्धा किलो. लेगच्या मांसात चरबी थोडी जास्त, त्यामुळे दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी ते चिवट होत नाही, आणि दमून आलेल्या माणसाला ही सवलत हवीच. आलं-लसूण, हळद, मीठ चोळून ठेवायचं. सकाळी जमलं तर सकाळी, नाहीतर आल्या आल्या.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या मसाल्यात गूळ घालायचा नाही.

मी पहिल्यांदा तेच केलं होतं. गूळ, सोया सॉस, सगळं एकत्र चोळून चिकन ओव्हनमध्ये घातलं. बाहेरून काळंकुट्ट, कडू, आणि कापलं तर आत गुलाबी. अर्धा किलो चिकन वाया गेलं, मला फार वाईट वाटलं. कारण नंतर कळलं. गुळात उसाच्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि त्या साखरा लवकर रंग धरतात, लवकर करपतात. चिकन आतून ७४ अंशांना पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गूळ थांबत नाही. मांसावर जो खमंग तपकिरी रंग येतो तो मांसातली प्रथिनं आणि साखर तापून एकत्र येतात त्यातून येतो. मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली त्या क्रियेचं वर्णन केलं. चिकनला तो रंग येण्यासाठी वेगळा गूळ लागतच नाही. कोरडा, तापलेला पृष्ठभाग मिळाला की पुरे.

म्हणून आधी चिकनचे तुकडे पुसून, नॉनस्टिक पॅनमध्ये चमचाभर तेलावर ठेवा आणि चार-पाच मिनिटं हलवू नका. उलटा, आणखी चार मिनिटं. मग बाहेर काढा.

त्याच पॅनमध्ये, चिकटलेल्या खरपुडीसकट, तीन मोठे चमचे चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे कोकमाचं आगळ, एक चमचा सोया सॉस, सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चमचाभर बेडगीचं तिखट, पाव वाटी पाणी. आगळच घ्या, कोकम सरबताचा गोड अर्क नको. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वेगळं मीठ अजिबात नाही. आणि हे लोखंडी कढईत करू नका, आंबटाने रंग काळवंडतो आणि धातूची चव उतरते.

(पॅनचा जवळून शॉट)

हे बुडबुडे बघा. आधी मोठे, पाण्याचे. पाणी उडत गेलं की ते लहान आणि दाट होतात. आपल्याला एकतारीच्या अलीकडे थांबायचंय. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे, तार यायला नको. तार आली तर ताटात पोचेपर्यंत त्याची चिक्की होईल. आली तरी घाबरू नका, दोन चमचे गरम पाणी घाला. कॉर्नफ्लॉवर घालू नका, त्याने पाक दाट होतो पण मंद, धुरकट दिसतो. ही काचेसारखी चकाकी आटलेल्या साखरेचीच असते.

आता चिकन परत आत, दोन मिनिटं, सारखं परतत. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको आणि रस पारदर्शक हवा. घरात कुणी चिकन खात नसेल तर थोडा पाक आधीच बाजूला काढून त्यात तळलेलं पनीर घोळवा. आईसाठी शुक्रवारी मी तेच करते.

वाढताना खाली ज्वारी, बाजूला भाज्या, वर चिकन, भाजलेले तीळ, कांद्याची पात. आणि काकडी किसून घातलेलं घट्ट दही, त्यात किंचित लसूण. दही वगळू नका, गूळ आणि कोकम दोन्ही ठसठशीत आहेत, त्यांच्यामध्ये काहीतरी गार लागतं.

उद्या गुरुवार, म्हणून चिकन मी तिघांना पुरेल एवढंच करते. ज्वारी मात्र मुद्दाम दुप्पट शिजवते. गार होताच फ्रिजमध्ये, आणि सकाळी जिरं, हिरवी मिरची, शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी दिली की डब्याला ज्वारीची उसळ तयार.