समेवरचं लोखंड

'बिग इलेक्ट्रिक मेटल बास फेस' हा शिकागोच्या डाय वॉरझॉ या इंडस्ट्रियल (यंत्रांच्या खडखडाटावर उभं संगीत) बँडचा दुसरा अल्बम, १९९१ सालचा. व्हॅन ख्रिस्टी आणि जिम मार्कस हे या बँडचे मुख्य दोघे. १९८९चा त्यांचा पहिला अल्बम 'डिस्को रिजिडो'. इटालियनमध्ये याचा अर्थ हार्ड डिस्क, आणि 'रिजिडो' म्हणजे ताठ. दुसऱ्या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव आहे 'फंकोपोलिस'. ताठ यंत्रसंगीतात फंक, म्हणजे बास आणि ड्रमच्या लयीवर चालणारं अमेरिकन नाचसंगीत, शिरतो तेव्हा वाद्यांच्या पातळीवर नेमकं काय बदलावं लागतं, ते आज पाहू.

शहराबद्दल दोनच वाक्यं. वेअरहाऊस क्लबात डीजे फ्रँकी नकल्स यांच्या हातून हाऊस हे नाचसंगीत घडलं ते शिकागोत, आणि जिम नॅश व डॅनी फ्लेशर यांचं वॅक्स ट्रॅक्स हे इंडस्ट्रियल रेकॉर्डांचं दुकानही तिथलंच. नाचाचा ठोका आणि कारखान्याचा आवाज एकाच गावात नांदत होते.

आता ठेका. चार मात्रा घ्या आणि प्रत्येकीची चौगुन करा. सोळा जागा मिळतात. इंडस्ट्रियल नाचसंगीतात चारही मात्रांवर किक (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) सारख्याच वजनाची पडते. फंकमध्ये सगळं वजन समेवर असतं. फंकचे गायक जेम्स ब्राऊन यांच्या वादकमंडळीत तिला 'द वन' म्हणत. सम घट्ट धरली की उरलेल्या पंधरा जागी सैल खेळता येतं. त्या जागी स्नेअरवर (तडतड वाजणाऱ्या लहान ड्रमवर) अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे आघात पडतात. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. ब्राऊन यांच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांचं सगळं कसब त्या हलक्या हातात आहे. सिक्वेन्सरवर (नोटा क्रमानं वाजवून घेणाऱ्या यंत्रावर) मुख्य आघाताची व्हेलॉसिटी, म्हणजे जोराचा आकडा, ११०-१२० ठेवली, तर घोस्ट नोट २५ ते ४० मध्ये हवी.

इथेच पहिली आणि सर्वात मोठी चूक होते. इंडस्ट्रियल म्हटलं की सगळे ड्रम डिस्टॉर्शनमधून जातात. डिस्टॉर्शन मोठ्या आवाजाचं टोक छाटतं, आणि मग पातळी वाढवली की लहान आवाज वर येतो. हलका आणि जोरकस आघात जवळजवळ सारखे ऐकू येतात आणि ठेक्याची नुसती तडतड होते. उपाय सोपा आहे: घोस्ट नोटांचा ट्रॅक वेगळा आणि स्वच्छ ठेवा; दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर तेवढा डिस्टॉर्शनमधून न्या. सगळंच खरखरीत हवं असेल, तर स्वच्छ ट्रॅकच्या खाली आठ-दहा डेसिबलनं कमी असा डिस्टॉर्टेड ट्रॅक मिसळा.

दुसरी गोष्ट स्विंगची, म्हणजे जोडीतली दुसरी नोट मुद्दाम मागे ढकलण्याची. ११० बीपीएमला (मिनिटाला ११० मात्रा) एक मात्रा ५४५ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १३६चा. अकाईच्या एमपीसी-६० या ठेका जुळवायच्या यंत्रावर स्विंग ५० टक्के म्हणजे सरळ चाल. ५८ टक्के केलं की जोडीतली दुसरी नोट सुमारे २२ मिलिसेकंद उशिरा येते. माझ्या मते या संगीताला ५४ ते ६० हीच पट्टी शोभते. ६६ला तिगुनीची चाल होते आणि यंत्राचा ताठा पार जातो. तो थोडा राहायलाच हवा.

एवढ्या बारीक फरकावर खेळताना मिडीची, म्हणजे सिक्वेन्सरकडून वाद्यांना नोटा पाठवणाऱ्या केबलची, गती आड येते. मिडीवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एका नोटेला साधारण एक मिलिसेकंद. समेवर दहा नोटा एकदम सोडल्या तर शेवटची नऊ-दहा मिलिसेकंद मागे पडते. ती किक असेल तर सम ढिली वाटते. म्हणून ड्रम पहिल्या ट्रॅकवर ठेवावेत, आणि लांब सुरांचे पॅड एक-दोन टिक (सिक्वेन्सरचं सर्वात लहान काळमाप) मागेपुढे सरकवावेत.

लोखंडाच्या आवाजांना तबल्याचा न्याय लावा: खुला बोल आणि बंद बोल. पत्र्यावर किंवा पाइपवर मारलेला आघात सेकंदभर घुमतो, तेवढ्यात सोळापैकी सात जागा झाकल्या जातात. सॅम्पल, म्हणजे नोंदवून घेतलेला आवाजाचा तुकडा, ८० ते १२० मिलिसेकंदांवर कापा, शेवटचे दहा हळूहळू विरू द्या, नाहीतर टिचकीसारखा आवाज येतो. खुला बोल चार किंवा आठ आवर्तनांतून एकदा, तोही समेवर, आणि बासच्या सुराला लावून.

बास गिटारची सर्वात खालची मोकळी तार ४१ हर्ट्‌झची, किकचं वजन ५०-६०च्या आसपास. दोघं लांबले की एकमेकांना गिळतात. किक आखूड ठेवा. बासची नोट तिच्या जागेच्या निम्म्यावर सोडा. स्लॅपची (तारेवर अंगठा आपटून वाजवण्याची) चटक दोन-तीन हजार हर्ट्‌झवर असते, ती कापू नका.

जुन्या फंक रेकॉर्डांचे तुकडे घेणं तेव्हा सर्रास चाले. एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये एकूण दहाच सेकंद मावत, म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर वाजवून नोंदवत आणि आत सूर खाली आणत. वेळ वाचे आणि १२ बिटांची खरखरही मिळे. १७ डिसेंबर १९९१ला न्यूयॉर्कच्या न्यायालयानं परवानगीविना घेतलेलं सॅम्पल बेकायदा ठरवलं. तेव्हापासून स्टुडिओत स्वतः वाजवून त्याचंच सॅम्पल करण्याला जास्त महत्त्व आलं.

मिक्सिंगला बसण्याआधी एक तपासणी करा. किक बंद करा आणि नुसता बास व घोस्ट नोटा ऐका. सम कुठे आहे ते कळत नसेल, तर इक्वलायझरला हात लावू नका. सिक्वेन्सरकडे परत जा आणि नोटा कमी करायला लागा, आधी बासच्या.