तुळई कोणाच्या वाट्याला?

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, इंदूरकराला वाडा म्हटलं की राजवाडाच आठवतो. १७४७ मध्ये पहिल्या मल्हारराव होळकरांनी त्याचं काम सुरू केलं. सात मजले, त्यातले खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. आज मी त्याच घडणीच्या, पण दोनच मजल्यांच्या एका घराबद्दल बोलणार आहे. ते देवास रस्त्याला, क्षिप्रेच्या अलीकडच्या एका गावात आहे. मालकांची इच्छा नाही म्हणून गावाचं आणि घराण्याचं नाव घेत नाही. गेले तीन उन्हाळे मी ते घर मोजतो आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी पटवाऱ्याकडे गेलो. खसरा, म्हणजे शेतांच्या नंबरांची नोंदवही, पाहिला, खतौनी, म्हणजे खातेदारांची वही, पाहिली. घराण्याची शेतं सापडली, कोणी कधी विकली तेही सापडलं. घर मात्र सापडेना, कारण गावठाणाला, आपण इकडे आबादी म्हणतो तिला, सबंध एकच नंबर. घरं, देऊळ, विहीर, ओटले, सगळं त्या एका आकड्यात. सारा शेतावर होता, म्हणून शेत काटेकोर मोजलं गेलं. घरावर सारा नव्हता. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेनं आबादीतली जागा कायदेशीर ताब्यात असणाऱ्याला भूमिस्वामी मानलं खरं, पण कोणती भिंत कोणाची हे नकाशावर काही आलं नाही. तेव्हा मालकी घरालाच विचारायची असं मी ठरवलं.

तुमच्यापैकी बरेच जण वाड्यात वाढलेले आहेत, तरी थोडं सांगतो. या घराचा भार भिंतींवर नाही. काळ्या दगडाच्या जोत्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर माती. सगळे जोड खाच आणि कुसू असे, लाकडात लाकूड बसवलेले. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभं राहायचं तर घराला थोडं हलता आलं पाहिजे. हे जोड तेवढं हलू देतात. भिंत पडली तरी घर उभं राहतं. भिंत उभारायची तरी कोणाला विचारावं लागत नाही, दोन खांबांच्या मध्ये कुठेही उभारता येते. घरातली भांडणं आणि समेट याच खांबांच्या ओळीत लिहिलेले आहेत.

ओसरी चार खणांची. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, इथे साधारण साडेपाच फुटांची. मधल्या खांबाच्या माथ्यावर केळफूल कोरलेलं आहे, आणि ते अर्धं अर्धं दोन घरांत गेलं आहे. दक्षिणेची बाजू चुन्याखाली बुजली आहे. उत्तरेच्या बाजूला निळा ऑइलपेंट आहे. मध्ये भिंत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हात लावून उभाच राहिलो.

धाकट्या पातीकडे, म्हणजे धाकट्या भावाच्या शाखेकडे, कागदांचा एक रुमाल निघाला. त्यात मोडीतलं वाटणीपत्र होतं, शके १८१२ चं, म्हणजे १८९० चं. (शकात ७८ मिळवायचे.) त्यात मधल्या खांबापासून उत्तरेचे दोन खण धाकट्याला, दक्षिणेचे दोन थोरल्याला, विहीर आणि देवघर सामाईक. भिंतीचा उल्लेख नाही. भिंतीची वीट पाहिली, तर घराच्या मूळ विटा पातळ आणि चपट्या, ही मात्र जाड, नऊ इंची. शिवाय या भिंतीनं माजघराच्या जमिनीतली शहाबादी फरशी कापलेली नाही, भिंत फरशीवर बसवली आहे. आणि ती फरशी तर वाटणीनंतर बऱ्याच वर्षांनी घातली, असं दोन्ही घरांत सांगतात. म्हणजे वाटणी झाल्यावर एक पिढी तरी ही माणसं कागदावर वेगळी आणि ओसरीवर एकत्र होती. मला या घराबद्दल कळलेल्या गोष्टींत ही सगळ्यात मोलाची वाटते.

छपराचं थोडक्यात सांगतो. वर मंगलोरी कौलं आहेत. त्या कौलांचा कारखाना बासेल मिशननं मंगळूरला १८६५ मध्ये काढला, आणि खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली ती दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटीचं कर्ज दिल्यावर, त्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी इथे हे छप्पर असणं शक्य नाही. मूळचे देशी कवेलू गोठ्यावर अजून आहेत.

आता जिना. उत्तरेच्या पडवीतून माडीवर जाणारा एक अरुंद जिना आहे, आणि त्याला वाट करून देण्यासाठी दोन कड्या करवतीनं कापल्या आहेत. मूळ सुताराच्या हातून असं होत नाही, म्हणजे जिना मागाहूनचा. चौकशी केल्यावर कळलं, माडीवरची खोली एका विधवा काकूंना हयातीपुरती दिली होती, आणि सोप्यातून येजा नको म्हणून हा जिना काढला. रुमालातल्या एकाही कागदावर त्यांचं नाव नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क कायद्यानं दिला तो २००५ मध्ये. या बाईंच्या हक्काचा पुरावा म्हणजे त्या दोन कापलेल्या कड्या, म्हणून नकाशात मी त्या लाल रंगानं दाखवल्या आहेत.

१९४८ मध्ये होळकर राज्य मध्य भारतात गेलं, १९५१ च्या कायद्यानं जमीनदारी संपली. थोरली पाती इंदूरला आली. त्यांचे दोन खण बियाण्याच्या एका व्यापाऱ्याला गेले, खरेदीपत्रावर संवत २०१२ आहे, म्हणजे १९५५. ओसरीच्या जागी शटर आलं, आणि शटरसाठी पुढचा एक खांब काढला. त्या खांबाचा तळखडा आज विहिरीपाशी कपडे धुवायला आहे.

२०२० पासून केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत आबादीची ड्रोननं मोजणी सुरू झाली. आधी गावकऱ्यांसमोर चुन्यानं हद्दी आखतात, मग वरून चित्र घेतात. हे फार आधी व्हायला हवं होतं, आणि झालं याचा मला आनंद आहे. पण वरून छप्पर दिसतं. खाली एकाचं, माडी दुसऱ्याची, विहीर दोघांची, हे छपरावरून दिसत नाही. चुन्याची रेघ ओढतानाच ते सांगून लिहून घ्यावं लागतं.

आणि तुळई? ओसरीवरची तुळई बावीस फुटी, एकसंध आहे. भिंतीच्या वरून ती दोन्ही वाट्यांतून जाते. वाटणीपत्रात ती कोणाचीच नाही. दक्षिणेचे दोन खण आता पुन्हा विकले गेले आहेत आणि नव्या मालकांना तिथे सिमेंटचं बांधकाम करायचं आहे. मी त्यांना भेटलो. माणूस भला आहे, त्यानं ऐकून घेतलं. तुळई कापली तर शेजारच्या बाजूचं टोक अधांतरी राहील, हे त्याला दोरी लावून दाखवलं. पावसाळ्यापर्यंत थांबायला तो तयार आहे. येत्या रविवारी मधल्या खांबाजवळ दोन टेकू द्यायला आम्ही जातो आहोत. सुतार मिळाला आहे. आणखी चार हात लागतील, ज्यांना यायचं आहे त्यांनी मला नंतर भेटा.