त्सुझुमी आणि स्विंग: तोशिको आकियोशी

नमस्कार श्रोतेहो.

जॅझ पियानोवादक आणि संगीतकार तोशिको आकियोशी यांचा जन्म 1929चा, ईशान्य चीनमधल्या मांचुरियातला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा घरदार तिथेच टाकून कुटुंब जपानला, बेप्पू गावी परतलं. घरी पियानो उरला नव्हता. वाजवायला मिळावं म्हणून त्या डान्स हॉलमध्ये नोकरीला लागल्या. बेप्पूतच जॅझ पियानोवादक टेडी विल्सन यांची एक तबकडी ऐकली आणि जॅझचं वेड लागलं. पुढे टोकियोत नामवंत पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांनी त्यांना ऐकलं, त्यांच्याच शब्दावर 1953 मध्ये पहिलं ध्वनिमुद्रण झालं. 1956 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या बोस्टनच्या बर्कली संगीतशाळेत गेल्या. तेव्हा बोटांवर जॅझ पियानोवादक बड पॉवेल यांची छाप होती.

पण त्यांचं खरं वाद्य म्हणजे बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद. 1973 मध्ये पती लू टबॅकिन यांच्यासह लॉस एंजेलिसमध्ये तो उभा केला: चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, शिवाय पियानो, बास आणि ड्रम्स. सॅक्सोफोनवाल्यांच्या हाती त्या बासरी आणि क्लॅरिनेटही देत. ऐकायला सोपं वाटतं, पण यात खाचा आहेत. बासरीचे खालचे सूर दुबळे, ट्रॉम्बोन मोकळे सुटले की ते बुडतात. शिवाय थंड पडलेली बासरी सुरात उतरलेली लागते. त्यामुळे वाद्य बदलायला, फुंकून गरम करायला पुरेशा मात्रा रिकाम्या सोडाव्या लागतात.

1974ची ‘कोगुन’ ही रचना नक्की ऐका. युद्ध संपल्याचं न मानता फिलिपाइन्सच्या जंगलात जवळपास तीस वर्षं राहिलेला सैनिक ओनोदा, हा तिचा विषय. इथे जपानच्या पारंपरिक नो नाट्यातला त्सुझुमी ढोल आणि आरोळ्या येतात. नो नाट्यात दोन थापांमधलं अंतर ताणलं जातं; स्विंगला, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीला, मात्र ठोका घट्ट लागतो. ढोल ड्रम्सच्या समेला बांधला असता, तर त्याचा नुसता दागिना झाला असता. तोशिको तो मोकळा सोडतात. त्यांची मोठी कमाई हीच. ‘मिनामाता’ या दीर्घ रचनेत त्यांनी पाऱ्याने विषारी झालेल्या खाडीकाठच्या गावाची कथा मांडली.

ग्रॅमीसाठी चौदा नामांकनं, पुरस्कार मात्र एकही नाही! ‘डाउन बीट’ या जॅझ मासिकाच्या कौलात सर्वोत्तम संगीत संयोजक ठरलेल्या त्या पहिल्या स्त्री. 2003 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये अखेरचा कार्यक्रम करून त्यांनी वाद्यवृंद मोडला. कारण? पियानोला वेळ हवा होता.