संपत्ती कर: दराआधी सवलती पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

अतिश्रीमंतांवर संपत्ती कर लावावा का? लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हा कर अनेक देशांत लावून झाला आणि बहुतेक ठिकाणी गुंडाळलाही गेला. तो का फसला, हे समजून न घेता नुसती मागणी करत राहण्यात अर्थ नाही.

आधी गरज पाहू. पगारदाराचा आयकर पगार हातात पडण्यापूर्वीच कापला जातो. मोठ्या उद्योगपतीची संपत्ती मात्र मुख्यतः शेअर्समध्ये असते. शेअर्सचे भाव कितीही वाढले, तरी ते विकेपर्यंत बहुतेक देशांत त्या वाढीवर कर लागत नाही. खर्चाला पैसा हवा असेल तर शेअर्स तारण ठेवून कर्ज काढता येतं, आणि कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणजे तिथेही कर नाही. अमेरिकेत तर मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या हिशेबी शेअर्सची खरेदी किंमत त्या वेळच्या बाजारभावाइतकी धरतात. आयुष्यभर झालेली वाढ आयकरातून कायमची सुटते. आयकराचा दर कितीही चढवा, तो या पैशापर्यंत पोहोचतच नाही.

संपत्ती कर लागतो तो निव्वळ संपत्तीवर, म्हणजे सगळ्या मालमत्तेच्या किमतीतून कर्ज वजा करून जे उरेल त्यावर. २ टक्के दर किरकोळ वाटतो, पण परतावा वर्षाला ५ टक्के असेल तर त्यातला ४० टक्के हिस्सा करात जातो, आणि परतावा २ टक्क्यांवर घसरला तर काहीच उरत नाही. म्हणूनच ज्या संपत्तीपासून कर सुरू होतो ती मर्यादा खूप वर हवी. राहतं घर आणि निवृत्तीसाठी साठवलेली पुंजी त्यात येताच कामा नये.

आता फसण्याची कारणं. १९९० मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या १२ सदस्य देशांत हा कर होता, २०१७ मध्ये ४ देशांत उरला. श्रीमंत देश सोडून जातात, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. त्यात तथ्य आहे, पण मला मोठा दोष दिसतो तो सवलतींत. जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे शेअर्स चालू बाजारभावाने मोजले जात, तर जमीन आणि इमारती १९६४ च्या मूल्यांकनाच्या आधारे. एकाच किमतीच्या दोन मालमत्तांवर इतका वेगळा कर हा समानतेचा भंग आहे, असं घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. मूल्यांकन सुधारण्याऐवजी १९९७ पासून करच थांबला. स्वीडनने बड्या भागधारकांनाच सूट दिली. कर मधल्या थरावर राहिला आणि २००७ मध्ये गेला. भारतात १९९३ पासून शेअर्स करातून वगळले गेले. दागिने, मोटारी, शहरी जमीन यांवर जे काही मिळेल ते. २०१३-१४ मध्ये सारी वसुली जेमतेम एक हजार कोटी रुपयांच्या घरात होती, आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात कर रद्द झाला. एका मालमत्तेला सूट दिली की कर्ज काढून तीच मालमत्ता घ्यायची: ती मोजली जात नाही, पण कर्ज मात्र वजा होतं, म्हणजे करपात्र आकडा आणखी खाली येतो.

मूल्यांकनाची अडचण खरी आहे. नोंदणीकृत शेअर्सचा वर्षभराचा सरासरी भाव धरता येतो. जी कंपनी बाजारात नाही तिचं काय? मालक कमी किंमत सांगणार, अधिकारी जास्त. यावर एक तोडगा आहे: रोख रकमेऐवजी तेवढ्या टक्के शेअर्सच कर म्हणून स्वीकारायचे. २ टक्के कर म्हणजे २ टक्के शेअर्स. मग त्या कंपनीच्या किमतीवरून वाद घालायचं कारण राहत नाही, आणि हाताशी रोकड नाही ही तक्रारही संपते. मात्र ते शेअर्स सांभाळून विकणारी स्वतंत्र यंत्रणा हवी.

देश सोडून जाण्याचं म्हणाल, तर नॉर्वेने २०२२ मध्ये दर वाढवल्यावर काही धनिक स्वित्झर्लंडला गेले, आणि तिथेही प्रांतिक संपत्ती कर आहेच! अशा वेळी निर्गमन कर उपयोगी पडतो: देश सोडताना सर्व मालमत्ता विकली असं मानून नफ्यावर कर आकारायचा. अमेरिकेत नागरिकत्व सोडणाऱ्या धनिकांना २००८ पासून असा नियम आहे.

अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी २०२४ मध्ये जी-२० पुढे मांडलेला आराखडा मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. अब्जाधीशाने भरलेला वैयक्तिक कर त्याच्या संपत्तीच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर फक्त फरक भरायचा. जो आधीच तेवढा कर भरतो, त्याच्यावर एका पैशाचाही नवा बोजा नाही.