आधी कोबीचं पाणी काढा, मग ड्रेसिंगचं बोला

हा आवाज ऐका जरा. कर्र कर्र कर्र. सुरीला धार आणि कोबीचा गड्डा घट्ट, दोन्ही असलं की असाच आवाज येतो, आणि शेवटच्या घासापर्यंत दाताखाली हाच आवाज यायला हवा, आपली सगळी धडपड त्यासाठी.

बरेचदा काय होतं, मस्त फळंबिळं घालून स्लॉ, म्हणजे बारीक चिरलेल्या कोबीचं सॅलड, करून ठेवतो आणि अर्ध्या तासात बाऊलच्या तळाशी पाणी, कोबी लिबलिबीत, आंबटपणा गायब. मग वाटतं ड्रेसिंग चुकलं. ड्रेसिंग नाही हो चुकलं, कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते सुटणारच. मग ते बाऊलमध्ये सुटण्यापेक्षा आधी चाळणीत सुटू दे ना!

अर्धा किलो कोबी घेतलाय. गड्ड्याचे चार भाग, मधला जाड दांडा काढून टाकला, आता शिरांना आडवं चिरायचं, जमेल तितकं बारीक. प्लीज किसणीवर किसू नका, किसला की त्याचा चोथा होतो आणि वासही उग्र होतो. आता एक छोटा चमचा मीठ, हलक्या हाताने चोळायचं आणि १५-२० मिनिटं चाळणीत ठेवून द्यायचं, बास. नंतर मुठीत घेऊन पिळा... बघा किती पाणी निघतंय. कोबी जरा वाकतो पण करकरीतपणा जात नाही. चाखून बघा, खारट वाटला तर पटकन धुवा आणि परत पिळा.

यात मूठभर जांभळा कोबी नक्की घाला, कारण पुढची गंमत त्याच्यात आहे.

ड्रेसिंग एकदम सोपं. तीन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे तेल, एक चमचा मध, अर्धा चमचा मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट) आणि मिरपूड. मीठ नको, कोबीला लागलंय आधीच. मस्टर्ड चवीला तर आहेच, पण तेल आणि रस पटकन वेगळे होऊ नयेत म्हणूनही हवं. झाकणाच्या बाटलीत भरून जोरात हलवायचं. नुसतं चाखल्यावर थोडं जास्तच आंबट लागलं पाहिजे, कारण फळांचा गोडवा आंबटपणा खाऊन टाकतो.

आणि आता बघा, रस पडला की जांभळा कोबी कसा गुलाबी होतो! रंग वगैरे काही घातलेला नाही, त्याच्यातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबट लागलं की लालसर होतं. मी हे कितीही वेळा केलं तरी दरवेळी थांबून बघतेच.

फळं सगळ्यात शेवटी. सफरचंदाच्या सालीसकट काड्या, चिरल्या चिरल्या ड्रेसिंगमध्ये टाका म्हणजे काळ्या पडणार नाहीत. संत्र्याच्या फोडी सोलून घाला. अननस पण छान लागतो, फक्त दह्याचं ड्रेसिंग करणार असाल तर कच्चा अननस टाळा, त्यातलं एन्झाइम दह्यातलं प्रोटीन तोडतं आणि दही कडू होतं.

हलक्या हाताने वरखाली करा आणि दहा मिनिटं फ्रीजमध्ये. उद्याच्या डब्यासाठी हवं असेल तर पिळलेला कोबी आणि ड्रेसिंग वेगवेगळं ठेवा, आणि सफरचंद सकाळीच चिरा.